मनात येईल ते मोठ्यानं बोला

ॲप तिचं होतं. म्हणजे कागदोपत्री कंपनीचं, आणि ज्या छोट्या बँकेनं ते करायला सांगितलं होतं तिचं. पण सुचलं तिला होतं. तेही बाळंतपणाच्या रजेत, लेक डाव्या हातावर झोपलेली आणि उजव्या हाताचा जेमतेम अंगठा मोकळा, अशा अवस्थेत. त्या अंगठ्यानं तिला दुधाच्या बिलाचा आकडा कुठेतरी नोंदवायचा होता. फोनमधल्या हिशेबाच्या ॲपनं आधी तिचं आर्थिक उद्दिष्ट विचारलं, मग जोखीम घ्यायची तयारी विचारली, मग एक रंगीत वर्तुळ गरगर फिरवून दाखवलं आणि त्यातला निळा तुकडा म्हणजे तुमचं भविष्य, असं सांगितलं. तेवढ्यात लेक उठली. भविष्य बाजूला राहिलं आणि दुधाचा आकडाही.

रजेवरून परतली ती हीच कल्पना घेऊन. पडद्याच्या खालच्या अर्ध्यात, अंगठा सहज पोचेल अशी दोन मोठी बटणं: ‘आले’ आणि ‘गेले’. बटण दाबा, आकडा टाका, कशाचे ते निवडा, झालं. वरच्या अर्ध्यात एकच ओळ, हातात किती उरले त्याची. वर्तुळं, आलेख, उगीच फुटणारे फटाके आणि शाबासक्या, सगळं हद्दपार. ॲपचं नाव तिनं ‘अंगठा’ सुचवलं होतं. त्यावर बँकेचे साहेब म्हणाले की ग्राहकांना अंगठा दाखवणारी बँक म्हणून आमचं नाव होईल. नाव बारगळलं, ॲप मात्र त्यांना आवडलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोडं अडलं ते चाचणीपाशी.

चाचणीची रीत अशी, की ज्यानं हे ॲप कधी पाहिलेलं नाही अशा माणसाला एका छोट्या खोलीत बसवायचं, हातात फोन द्यायचा, आणि सांगायचं की हे अमुक करून दाखवा आणि करताना जे मनात येईल ते मोठ्यानं बोला. डोक्यावर कॅमेरा. शेजारच्या खोलीत बाकीची मंडळी पडद्यावर त्याचं बोट बघणार, बोलणं ऐकणार. ज्यानं ॲप केलं त्यानं त्या माणसासमोर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. माणूस चुकला तरी बंद, रडकुंडीला आला तरी बंद. तो फारच वेळ गप्प झाला तर एकच वाक्य बोलायची मुभा: ‘सध्या तुमच्या मनात काय चाललंय?’ याउपर एक अक्षर जरी तोंडातून गेलं तरी ती चाचणी बाद, कारण लोकांच्या घरी कुणी समोर बसून त्यांना मदत करणार नसतं.

नियम शहाणपणाचा होता. तिला तो तोंडपाठ होता. पाळता मात्र येत नव्हता. ती काही जन्मजात सूचना देणारी नव्हती; लेकीच्या जन्मापासूनची होती. लेकीचं खरं नाव भारदस्त होतं, पण चालायला लागल्यापासून सगळे तिला भिंगरीच म्हणत, आणि भिंगरीच्या मागे दिवसभर ‘सावकाश’, ‘तिकडे नको’, ‘तोंडात काय आहे ते दाखव’ करता करता तिची जीभ आपोआप चालायला शिकली होती. रस्त्यात अनोळखी माणसाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी ती सांगितल्याशिवाय पुढे जात नसे. भाजी चिरणाऱ्या नवऱ्याला ती दारातूनच ‘बोट’ म्हणायची. नुसतं ‘बोट’. आणि तो बिचारा दचकून तेच कापून घ्यायचा.

पहिल्या चाचणीला एक तरुण होता. तो आकडा टाकून पुढे कुठे जायचं ते शोधत बसला, तेव्हा ती बोलली नाही; फक्त नाकानं खाली दाखवलं. बाद. दुसऱ्या वेळी तिनं मान ताठ ठेवली, पण गृहस्थांनी योग्य ठिकाणी बोट नेलं की घशातून ‘हं’ निघायचं. त्या गृहस्थांच्या ते लगेच लक्षात आलं आणि मग ते बोट पडद्यावरून नुसतं फिरवत राहिले, ‘हं’ येईपर्यंत. बाद. तिसऱ्या वेळी तिनं श्वासच रोखून धरला, तेव्हा समोरच्या बाईंनी फोन खाली ठेवला, तिला पाणी दिलं आणि कितवा महिना म्हणून विचारलं.

त्यावर मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम म्हणजे तिच्या वरिष्ठ. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटे. त्या म्हणाल्या की शुक्रवारी बँकेची माणसं स्वतः चाचणी बघायला येणार आहेत. ती नीट झाली तर ॲप तुझं, शेवटपर्यंत तूच बघशील. नाही झाली तर मखमलकडे देईन.

मखमल हे तिच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं ऑफिसातलं नाव. त्याचा आवाज इतका मऊ होता की त्यानं नकार दिला तरी माणसं आभार मानून जात. तो चाचणीत ताकास तूर लागू देत नसे, तासभर बुद्धासारखा बसायचा. पण त्याच्या मनात तिच्या ॲपमध्ये वर्तुळ आणायचं होतं, हे तिला ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत त्यानं तिला ते काढूनही दाखवलं होतं. निळा तुकडा होताच.

शुक्रवारी चाचणीला यायच्या होत्या त्या निवृत्त बाईंची दाढ दुखायला लागली. बँकेची माणसं येऊन बसलेली, चहा झालेला, आणि साठीच्या पुढचं, असलं ॲप कधी न वापरलेलं माणूस ताबडतोब हवं होतं. मॅडमनी सगळ्यांना विचारलं की कुणाच्या घरी जवळपास कुणी आहे का. मखमलनं अत्यंत हळुवारपणे तिच्याकडे पाहिलं.

तिनं सासूबाईंना फोन केला. त्या नको म्हणतील अशी तिला आशा होती. दुपारची त्यांची झोप असते, भिंगरीचं जेवण असतं, गुडघा असतो. पण त्यांनी विचारलं ते भलतंच. ते मनातलं मोठ्यानं बोलायचं, तेच ना? आणि तू गप्प बसायचं? नक्की गप्प? तिनं हो म्हटलं. निघालेच, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि खरंच इतक्या लवकर आल्या की पर्स खांद्याला लावूनच बसल्या होत्या की काय, अशी शंका यावी. ठेवणीतला पोशाख, पावडर, आणि चेहऱ्यावर साक्षीला निघालेल्या माणसाचा गंभीरपणा.

भिंगरी कुठे आहे, हे विचारायच्या आत मॅडमनी दोघींना खोलीत ढकललं आणि दार लावून घेतलं.

खोली अशी होती की दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याची बाटली, आणि वरून खाली वाकून बघणारा कॅमेरा. भिंतीपलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि शांत झालं. तिनं ठरलेला कागद वाचून दाखवला. आम्ही ॲपची परीक्षा घेतोय, तुमची नाही. काहीही चुकलं तरी चूक ॲपची. खरे आकडे टाकायची गरज नाही. मनात येईल ते मोठ्यानं बोला. आता यापुढे मी काही सांगणार नाही.

“काही सांगणार नाही, हे बरं केलंत,” सासूबाई म्हणाल्या. “पण मला खोटे आकडे जमत नाहीत, मी खरेच टाकते.”

तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले आणि मूग गिळले.

पहिलं काम सोपं होतं: या महिन्यात आलेले पैसे टाका. सासूबाईंनी चष्मा लावला, पडदा डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. मग शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात बोलायला लागल्या. हे ‘आले’, हे ‘गेले’. समजलं. मोठं लिहिलंय, छान आहे. आता मला कुठून आले? ह्यांचं निवृत्तिवेतन ह्यांच्या खात्यात जातं. मुलगा देतो ते घरखर्चाचे, ते काही माझे नव्हेत. माझे असे आले म्हणावेत तर कुठून?

बोट ‘आले’वर जाऊन थांबलं. तिच्या ओठांपर्यंत ‘शून्य टाका आई’ येऊन उभं राहिलं. तिनं ते गिळलं. सासूबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोनकडे.

“पाळणाघरवाली महिन्याला जेवढे घेते तेवढे टाकते,” त्या म्हणाल्या. “मिळत नाहीत, पण मिळायला हरकत नव्हती.”

भिंतीपलीकडून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. बँकेचे साहेबच असावेत. सासूबाईंनी आकडा टाकला. अगदी शेवटच्या अंकापर्यंत नेमका टाकला. तो ऐकीव आकडा नव्हता. पाळणाघराचा दर सासूबाईंना कसा ठाऊक, हा प्रश्न तिच्या डोक्यात उभा राहिला आणि उभाच राहिला, कारण बसायला जागा मिळेना.

दुसरं काम: गेल्या आठवड्यातले तीन खर्च टाका. सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांना गती आली होती.

पहिला खर्च बिस्किटांचा. दोन पुडे, असं त्या म्हणाल्या, आणि मग मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं या अटीला जागून पुढे सविस्तर बोलल्या. आमच्या घरी नातीला साखर द्यायची नाही असा नियम आहे. म्हणून बिनसाखरेचा पुडा आणावा लागतो. पण तो तिला आवडत नाही. म्हणून साखरेचाही आणावा लागतो. मग बिनसाखरेचा पडून राहू नये म्हणून तो ह्यांना खावा लागतो. ह्यांनाही आवडत नाही, पण ह्यांना कोण विचारतंय. कशाचे विचारतंय हे. ‘खाणं’. हे बघा, दाबलं. सोपं आहे.

तिच्या मांड्यांखालच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. भिंगरीच्या पोटात गेलेली साखर तिला अंदाजानं दिसायला लागली, चमच्यांच्या मापात. पण तिनं नजर टेबलाच्या कडेवर ठेवली आणि मखमलचं वर्तुळ डोळ्यांपुढे आणलं. निळा तुकडा आठवला की तोंड आपोआप मिटत होतं.

“दुसरा,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरासा उतरला. “दुसरा दवाखान्याचा. डॉक्टरांची फी. ही त्या दिवशीची, भिंगरीनं नाणं गिळलं तेव्हाची.”

आणि त्या थांबल्या.

बोट पडद्यावर टेकलेलं होतं तसंच राहिलं. तिच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. कुठलं नाणं. केवढं. कधी. एक्स-रे काढला का. श्वास नीट होता का. कुठल्या दवाखान्यात नेलं, त्या कोपऱ्यावरच्या का, तिथला डॉक्टर तर बोलताना फोन बघत असतो. सगळे प्रश्न एकदम दारात आले आणि दारातच अडकले, म्हणून आवाज असा निघालाच नाही. ती खुर्चीतून अर्धी उठली होती. अर्धीच, कारण उठताना नजर वर गेली आणि तिला कॅमेऱ्याचा तो बारीक लाल दिवा दिसला.

एक अक्षर बोलली तर ॲप गेलं. न बोलता बाहेर धावली तरी गेलंच. आणि सासूबाई तर गप्प बसल्या होत्या, पुढचं काही सांगतच नव्हत्या. तिला एकच वाक्य बोलायची मुभा होती.

“सध्या,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली, “सध्या तुमच्या मनात काय चाललंय?”

“मनात असं चाललंय,” सासूबाई म्हणाल्या, “की समोरच्या ह्या बाई आता खुर्चीवरून उठणार आणि माझं पुढचं ऐकणारच नाहीत.”

ती बसली. दात आवळले. या वेळी वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह राहिलं नव्हतं.

“सध्या. तुमच्या. मनात. काय. चाललंय.”

“आलं गं बाई, आलं,” सासूबाई म्हणाल्या. “दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं.”

तिचा जीव भांड्यात पडला, पण भांडं अजून हलत होतं. सासूबाईंना मात्र आता कुणी अडवणारं नव्हतं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, हात मांडीवर जुळवले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तेही कॅमेऱ्याला, कारण त्याच्या चेहऱ्यावर काही बदलत नव्हतं. आजोबांचा शर्ट खुर्चीवर होता, खिशातली सुट्टी नाणी खाली पडली, दोघांनी मिळून उचलली, एक कमी भरलं. भिंगरी हसत होती. हसतेय म्हणजे श्वास ठीक, एवढं त्यांना कळत होतं. तरी तशीच काखोटीला मारून दवाखान्यात नेली, आपल्या नेहमीच्या, त्या लांबच्या. कोपऱ्यावरच्या नाही, तो फोन बघत बसतो. फोटो काढला. डॉक्टरीण म्हणाली नाणं पोटात गेलंय, छोटं आहे, वाटेत कुठे अडकलेलं नाही, आपोआप येईल, लक्ष ठेवा, दुखायला लागलं तर लगेच आणा. लक्ष ठेवायचं काम ह्यांच्याकडे दिलं. उभ्या जन्मात ह्यांनी पोराचं दुपटं बदललं नव्हतं, आता टॉर्च आणि काडी घेऊन बसले. सकाळी सापडलं तेव्हा असे ओरडले की मला वाटलं ह्यांनाच काही झालं.

तिच्या प्रश्नांची उत्तरं एकेक करून येत होती, न विचारता. एक्स-रे झाला. नेहमीचा दवाखाना झाला. श्वास झाला. हे तिच्यासाठी नवीन होतं. घरी अशा वेळी पहिल्या वाक्यातच ती थर्मामीटर आणायला पळालेली असते, आणि उरलेली गोष्ट सासूबाई रिकाम्या खुर्चीला सांगत असतात.

“आता कुणी म्हणेल त्याच दिवशी का नाही सांगितलं,” सासूबाई कॅमेऱ्याला म्हणाल्या. “सांगायला तोंड उघडलं होतं मी. ‘आज भिंगरीनं’ एवढंच म्हटलं, तर लगेच, ताप आहे का, पडली का, काय खाल्लं. मी म्हटलं, काही नाही, गाणं म्हटलं. ह्या बाईंसमोर वाक्य संपत नाही हो माणसाचं. इथे संपतंय. म्हणून तर आले.”

मग त्या थोड्या हळू आवाजात म्हणाल्या की दुसरंही एक होतं. हिला नाण्याचं कळलं तर ही भिंगरीला पाळणाघरात घालणार, असं मनानं घेतलं. मग विचार केला, जाणारच असेल तर निदान आपण आधी बघून तरी यावं कशी माणसं आहेत. गेले होते परवा. दर विचारला. खोली स्वच्छ आहे, खोटं कशाला बोला. पण तिथल्या बाईच्या गळ्यात शिट्टी आहे.

शिट्टीवर पलीकडच्या खोलीत पुन्हा कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिला बोलायचं होतं, आणि या वेळी ती सूचना नव्हती. पण जे बोलायचं होतं ते नियमात बसत नव्हतं, आणि नियमात बसणारं वाक्य तिचं दोनदा वापरून झालं होतं.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला आणि फोन पुन्हा उचलला. त्या काम अर्धवट सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. फी ‘गेले’मध्ये टाकली, ‘औषध’ दाबलं. उरला तिसरा खर्च. तिसरं नाणंच टाकते, असं त्यांनी जाहीर केलं. त्या दिवशी आपल्याकडून गेलं हे खरं. ‘गेले’. कशाचे? त्यांनी यादी खालपर्यंत वाचली, विचार केला, आणि ‘खाणं’ दाबलं.

“खाल्लंच ना तिनं,” त्या म्हणाल्या.

मग दुसऱ्या दिवसाची पाळी. परत मिळालं, तेही टाकायला हवं, नाहीतर हिशेब लागायचा नाही. ‘आले’. कशाचे आले? पगार, व्याज, भेट, इतर. इथे मात्र सासूबाई अडल्या, आणि खरोखरच अडल्या. पगार नाही. व्याज तर नाहीच, गेलं तेवढंच आलं. भेट म्हणावी, तर अशी भेट कुणी कुणाला देत नाही. ‘इतर’ दाबायला त्यांचं मन घेईना. इतर म्हणजे परक्याचं, आणि हे तर आपलंच होतं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, बोटानं पडदा उगीच खरवडला.

“आपलेच आपल्याला परत आले, तर त्याला ह्यात जागा कुठे आहे?” त्या म्हणाल्या. “शेजारीण उसने नेते आणि परत देते. ते मी ‘भेट’ म्हणून टाकले आणि तिनं चुकून पाहिलं, तर पुढच्या वेळी ती देईल का?”

या वेळी तिला गप्प बसायला काही कष्ट पडले नाहीत. ती ॲपकडे बघत होती. इतके महिने पाहिलेल्या त्या दोन बटणांकडे जणू पहिल्यांदाच. उसने परत येतात, अनामत परत येते, दुकानात परत केलेल्या चपलांचे येतात. आणि तिनं हे सगळं कमाईत धरलं होतं. म्हणजे माणसानं मित्राला दिलेले पैसे वसूल केले की तिचं ॲप सांगणार, वा, या महिन्यात तुम्ही जास्त कमावलंत. वर्तुळवाल्यांना नावं ठेवता ठेवता तिनंही थापाच मारल्या होत्या, फक्त एका ओळीत.

सासूबाईंनी शेवटी फोन पालथा ठेवला आणि हे काही माझ्यानं होत नाही, असं निर्वाणीचं सांगितलं. चाचणी संपली.

दार उघडलं तसा पहिला आला तो मखमल. फार छान झालं, फार मनाला भिडलं, असं म्हणून त्यानं मऊ आवाजात एक शंका काढली. ठरलेलं वाक्य दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा त्याचा स्वर काही तटस्थ नव्हता. ती प्रत्येक शब्दानंतर थांबली होती. समोरच्या व्यक्तीवर दबाव आला, असं म्हणता येईल. मग ही चाचणी धरायची का? मॅडमनी चित्रफीत मागे नेऊन तो भाग पुन्हा लावला. सध्या. तुमच्या. मनात. काय. चाललंय. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. मॅडम म्हणाल्या, “शब्द तेच आहेत, एकही जास्त नाही. अशा वेळी ह्याहून तटस्थ स्वर कुठल्या आईला जमत असेल, तर तिला घेऊन या, मी तिला नोकरी देते.”

बँकेचे साहेब स्वरावर काही बोलले नाहीत. ते डोळे पुसत होते. त्यांनी एवढंच विचारलं की आपलेच पैसे परत आले तर दाबायला एक तिसरं ‘परत आले’ बटण कधीपर्यंत होईल, कारण त्यांच्या बँकेत अर्ध्या तक्रारी नेमक्या ह्याच असतात. तिनं पुढचा आठवडा सांगितला. साहेब म्हणाले, तुम्हीच बघताय ना? मॅडम म्हणाल्या, तीच बघतेय. मखमलनं अभिनंदन केलं, आणि त्याच्या आवाजावरून ते खरंच वाटलं. तेवढं त्याचं कसब होतंच.

मग मॅडम सासूबाईंकडे वळल्या. नवं बटण आलं की पुन्हा एकदा याल का, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी पर्स छातीशी धरली आणि विचार केला.

“हिला तेव्हाही बोलायची बंदी असेल ना?” त्यांनी खात्री करून घेतली. “मग येते.”

बाहेर लिफ्टपाशी दोघीच उरल्या. पांढऱ्या दिव्याखाली सासूबाईंच्या पावडरीवर घामाची रेघ दिसत होती. आत कॅमेऱ्यासमोर एवढ्या ठसक्यात बोलल्या, पण इथे कॅमेरा नव्हता. पर्सचा पट्टा त्यांनी दोन्ही मुठींत आवळून धरला होता, बसमध्ये उभ्या असल्यासारखा. बंदी उठली, बोल आता, असं त्यांनी तिला सांगितलं. आणि ती बोलायच्या आतच, भिंगरी आजोबांबरोबर खाली स्वागतकक्षात आहे, तिथल्या मुलीजवळ बसलीये, तिच्या हातात काही नाही, तोंडातही नाही, मी बघूनच वर आले, हे एका दमात सांगून टाकलं.

तिच्याकडे तर बोलायला पोतंभर होतं. साखर होती. खुर्चीवर टाकलेला शर्ट होता. आपल्याला घरात कुणी वाक्य पुरं करून काही सांगत नाही, हे आज बँकेच्या साहेबांसमोर कळलं, ते होतं. तिनं तोंड उघडलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“सोमवारी मला लवकर निघायचंय,” ती म्हणाली. “भिंगरीचं आंघोळ-पाणी तुम्हालाच बघावं लागेल.”

सासूबाईंनी एक डोळा उघडला. “सोमवारी? माझ्याकडेच?”

“मग काय शिट्टीवालीकडे? तुमच्याकडेच. पण,” ती म्हणाली, आणि लिफ्टचं बटण दाबलं. पण शर्ट खुर्चीवर टाकायचे नाहीत, बाबांना सांगा, खुंटी आहे ना. पण सुट्टी नाणी वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, आणि झाकण फिरकीचं हवं. पण साखरेची बिस्किटं, बरं, अर्धं, आणि तेही दुपारी, रात्री नाही. पण डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात. पण गुडघा दुखत असेल तर तिला उचलून जिना चढायचा नाही, मला फोन करायचा, मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. निदान प्रयत्न करीन.

लिफ्ट आली आणि गेली, दोघींपैकी कुणी शिरलं नाही. सासूबाई एकेका ‘पण’ला मान डोलावत होत्या. चौथ्या की पाचव्या ‘पण’ला त्यांच्या मुठी सुटल्या आणि पर्स आपली खांद्यावरून लोंबायला लागली. जिच्याकडे मूल राहणार नाही तिला एवढ्या सूचना कुणी देत बसत नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं. त्यांनी घाम पुसला, पुन्हा लिफ्टचं बटण दाबलं, आणि फिरकीचं झाकण म्हणजे नक्की कुठल्या डब्याचं, असं मध्येच विचारलं. सूनबाईंचं वाक्य काही पुरं झालं नाही.